वीरचक्राचा भत्ता आणि राहून गेलेली दुसरी सही : पेडण्यातील एक प्रकरण

वीरचक्र मिळवलेल्या गोमंतकीय सैनिकाच्या निधनानंतर त्याचा शौर्यभत्ता पत्नीच्या नावे होण्यास साडेचार वर्षे लागली. त्यांतली सुमारे दीड वर्षे भत्ता थांबल्याचे घरात कळलेच नाही, आणि पुढची सव्वा वर्ष या भत्त्याला गरजच नसलेल्या कागदांमागे गेली. गाव, पलटण आणि लढाईची जागा मुद्दाम सांगितलेली नाही. एका पलटणीत वीरचक्राचे मानकरी बोटांवर मोजण्याइतके असतात, त्यामुळे जागा सांगितली की नावही सांगितल्यासारखेच होते. आडनावही बदलले आहे, पण त्याच्या स्पेलिंगमधला गोंधळ खरा आहे.

पार्श्वभूमी

हवालदार परब यांचा जन्म १९४४ च्या सुमारास पेडणे तालुक्यात, पोर्तुगीज अमलात झाला. शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध झाले. त्यानंतर सैन्याची भरती वाढली. १९६३ मध्ये ते सावंतवाडीच्या नातेवाइकांबरोबर आंबोली घाट चढून बेळगावला गेले आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. भरतीच्या वेळी जवळ जन्मदाखला नव्हता. त्यांनी तोंडी सांगितले तसे कारकुनाने नाव लिहून घेतले : परब. गावच्या पोर्तुगीज जन्मनोंदीत मात्र तेच आडनाव ‘पोरोबो’ होते.

१९६५ च्या उन्हाळ्यात ते रजेवर आले आणि लग्न झाले. गोव्यात विवाहाची नोंद दोन सह्यांनी पुरी होते. पहिली सही इराद्याची, आणि काही दिवसांनी ती पक्की करणारी दुसरी. पहिली सही झाली. मग कच्छच्या सीमेवर तणाव वाढला, रजेवरच्या जवानांना परत बोलावणे आले, आणि दुसरी सही राहून गेली. पुढे संसार झाला, तीन मुले झाली. दुसऱ्या सहीची आठवण कुणालाच राहिली नाही.

डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर ते नाईक होते. त्यांच्या सेक्शनला, म्हणजे लहान तुकडीला, एका मध्यम मशीनगनने उघड्या शेतात जखडून ठेवले होते. ते बाजूने सरपटत बंकरपर्यंत गेले आणि ३६ नंबरचा हातबॉम्ब फटीतून आत टाकला. मांडीत किरचा घुसल्या होत्या, तरी ठाणे हाती येईपर्यंत ते मागे गेले नाहीत. वीरचक्र राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचनेने १९७२ मध्ये भारताच्या राजपत्रात जाहीर झाले. १९८० मध्ये ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. नंतर बारा-तेरा वर्षे एका खाणीवर सुरक्षारक्षक होते, पुढे काजूची बाग आणि गुरे. पदके कपाटात, धोतराच्या घडीत ठेवलेली असत. १६ डिसेंबरच्या विजय दिवसाला आणि तीन दिवसांनी गोवा मुक्तिदिनाला ती बाहेर निघत, शाल-श्रीफळ होई, आणि पुन्हा घडीत जात. शाल देणाऱ्यांपैकी कुणीही भत्त्याचे काय चालले आहे, असे विचारले नाही. या प्रकरणात ती नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

मार्च २०१९ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले.

अडचण

वीरचक्राबरोबर दरमहा रोख भत्ता असतो. तो ३,५०० रुपये होता. १ ऑगस्ट २०१७ पासून सर्व शौर्यभत्ते दुप्पट झाले आणि वीरचक्राचा भत्ता ७,००० रुपये झाला. त्यावर महागाई भत्ता मिळत नाही. मानकऱ्याच्या निधनानंतर तो भत्ता पत्नीला तहहयात मिळतो. पूर्वी पुनर्विवाह केल्यास तो बंद होई आणि दिवंगताच्या भावाशी लग्न केले तरच चालू राही. ही अजब अट नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने गेली. तरी काही कार्यालयांतल्या जुन्या छापील अर्जांत ती अजून दिसते.

इथे दोन गोष्टी बिघडल्या होत्या.

एक : ऑगस्ट २०१७ नंतरही बँक ३,५०० च देत राहिली. हवालदारांच्या पासबुकात पेन्शन, महागाई भत्ता आणि शौर्यभत्ता एकाच आकड्यात जमा होत असत. त्यामुळे वाढ झाली नाही हे त्यांच्या लक्षात आले नाही. २० महिन्यांचे ७०,००० रुपये त्यांच्या हयातीतच थकले होते.

दोन : निधनानंतर बँकेने कुटुंब निवृत्तिवेतन सुरू केले. कुटुंब निवृत्तिवेतन मूळ पेन्शनपेक्षा कमी असते हे घरात ठाऊक होते. म्हणून आकडा उतरला तेव्हा कुणाला संशय आला नाही, आणि त्या उतारात भत्त्याचे ७,००० पूर्ण गायब झाले आहेत हे दिसलेच नाही. ऑगस्ट २०२० मध्ये शेजारच्या गावातल्या एका माजी सैनिकाने सहज विचारले, “काकींना चक्राचे पैसे येतात ना?” तेव्हा मुलाने पासबुक काढून पाहिले.

(वाड्यावर सगळे त्यांना काकी म्हणतात, म्हणून इथेही तेच.)

कागद काय सांगत होते

काकींच्या कागदांत पाच ठिकाणी पाच गोष्टी होत्या. जन्मनोंदीत माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव, पोर्तुगीज वळणाने लिहिलेले. लग्नात नाव बदलण्याची आपल्याकडची रीत, म्हणून सैन्याच्या किंड्रेड रोलमध्ये सासरचे नाव. किंड्रेड रोल म्हणजे जवानाच्या शीट रोलमधला (सेवानोंदीतला) नातलगांचा तक्ता. आधार कार्डावर सासरचेच नाव, पण आडनाव ‘परोब’. मतदार यादीत ‘परब’. पॅन कार्डावर मधले नाव गाळलेले.

जन्मतारखेचे आणखी वेगळेच. आधारवर १ जानेवारी १९५३ होती, म्हणजे लग्नाच्या वेळी वय बारा. जन्मनोंद १९४७ ची होती.

उलट बाजूला भक्कम कागदही होते, पण ते कुणी काढून पाहिले नव्हते. १९६५ मध्येच पलटणीने विवाहाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्करातली अधिकृत नोंद, काढली होती, आणि ती डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवापुस्तिकेत) नोंदलेली होती. पुढे निघालेल्या दुरुस्ती-पीपीओत (पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश) पत्नी म्हणून काकींचे नाव होते. त्याच आधारावर कुटुंब निवृत्तिवेतन चालू झाले होते. म्हणजे संरक्षण खात्याने त्यांना पत्नी म्हणून आधीच मान्य केले होते. संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा होता, आणि तो सर्वांत शेवटी हाती लागला.

पहिला निर्णय : बँकेत अर्ज

सप्टेंबर २०२० मध्ये बँकेत अर्ज दिला. नोटरीने तो टंकलिखित करताना ‘सैन्याचे पदक’ याचे ‘सेना पदक’ केले. सेना पदक हा वेगळा सन्मान आहे. ते शौर्यासाठी मिळाले असेल तर त्याचा भत्ता २,००० रुपये. अर्ज मंजूर झाला असता तरी चुकीच्या दराने झाला असता. सोबत जोडलेल्या छायाचित्रात पदकांची पूर्ण ओळ होती : पूर्वी स्टार, संग्राम पदक, रक्षा पदक आणि बाकीची. वीरचक्र म्हणजे पाच टोकांच्या ताऱ्याचे गोल चांदीचे पदक, फीत अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी. न जाणणाऱ्याला त्या ओळीत ते वेगळे दिसत नाही.

बँकेने दोन महिन्यांनी सांगितले की, पीपीओत पत्नीच्या नावे भत्त्याचा आदेश नाही, म्हणून देता येत नाही. हे बरोबरच होते. पैसे देणारी यंत्रणा स्वतःहून भत्ता मंजूर करू शकत नाही. तो प्रस्ताव जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातून निघतो आणि प्रयागराजच्या संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (पेन्शन) यांच्याकडून त्याचा पीपीओ निघतो. पण बँकेने ही वाट सांगितली नाही. वर एक शेरा मारला : “वारसा सिद्ध करून आणावा.”

दुसरा निर्णय : आधी वारसा, मग भत्ता

या शेऱ्याने १४ महिने गेले. नोव्हेंबर २०२० ते जानेवारी २०२२.

गोव्यात घरातले माणूस गेले की पहिला विचार येतो सक्सेशन डीडचा, म्हणजे वारस कोण हे नोंदवणाऱ्या दस्ताचा. घर, बाग आणि खाते सगळे त्यावर अडते. इथल्या कायद्याप्रमाणे लग्नाने सामाईक झालेल्या मालमत्तेत जोडीदाराचा अर्धा वाटा असतो आणि उरलेला वारसांचा. डीड करायला सगळ्या वारसांची माहिती आणि विवाहाची नोंद लागते. नोंद काढायला गेल्यावर पुस्तकात फक्त पहिली सही निघाली. मग वकील, मग न्यायालयाच्या मार्गाने विवाह सिद्ध करण्याचा विचार. एक मुलगी आखातात, तिचे मुखत्यारपत्र महामारीच्या काळात वकिलातीत अडकले. काकी रोज विचारत की लग्नच झाले नाही असे कसे म्हणतात.

सगळी चूक क्रमाची होती. शौर्यभत्ता मृताच्या मालमत्तेत येत नाही, आणि त्यामुळे मुलांच्या वाट्याचा प्रश्नच उरत नाही. पत्नीचा तो स्वतंत्र हक्क आहे, आणि त्याला वारसांची संमती लागत नाही. वारसा लागत होता तो फक्त हवालदारांच्या हयातीत थकलेल्या ७०,००० रुपयांसाठी, कारण तो पैसा त्यांचा होता आणि त्या थकबाकीसाठी त्यांनी नामनिर्देशन केलेले नव्हते. दोन्ही मागण्या एकाच अर्जात लिहिल्या गेल्या, त्यामुळे ७०,००० च्या अटी दरमहाच्या ७,००० ला लागू झाल्या.

पर्याय

फेब्रुवारी २०२२ मध्ये पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात फाईल दाखवल्यावर चार वाटा पुढे आल्या.

सक्सेशन डीड पुरे करून एकत्र मागणी करणे ही पहिली. वाट सुरक्षित, पण शेवट दिसत नव्हता.

तक्रार नोंदवणे ही दुसरी. जानेवारी २०२२ मध्येच संरक्षण पेन्शनच्या तक्रारींसाठी वेगळे पोर्टल सुरू झाले होते. पण पूर्ण प्रस्ताव नसताना केलेली तक्रार त्याच रेकॉर्ड ऑफिसकडे फिरून येते आणि “कागद अपूर्ण” म्हणून बंद होते.

तिसरी वाट सशस्त्र दल न्यायाधिकरणाची. गोव्यासाठी त्याचे मुंबईचे खंडपीठ आहे. इथे दोन अडचणी होत्या. सक्षम अधिकाऱ्याकडे निवेदन देऊन त्याचा निर्णय, किंवा सहा महिन्यांची वाट, हे साधारणपणे आधी व्हावे लागते. २०२० चा अर्ज बँकेला होता, त्यामुळे तो निवेदन म्हणून मोजता येईना. दुसरी अडचण पैशांची. तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशा चालू राहिलेल्या अन्यायात थकबाकी साधारणतः दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. मार्च २०२२ मध्ये ही तीन वर्षे नेमकी निधनाच्या महिन्यापर्यंत पोचत होती. पुढचा प्रत्येक महिना म्हणजे ७,००० रुपयांचा धोका.

चौथी वाट : दोन मागण्या वेगळ्या करायच्या आणि पत्नीच्या भत्त्याचा प्रस्ताव थेट रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा. हीच निवडली. निवड योग्य होती. मात्र त्याच दिवशी कॅलेंडरवर सहा महिन्यांची खूण करून न्यायाधिकरणाची तयारी बाजूला चालू ठेवायला हवी होती. ती ठेवली नाही. ऑक्टोबर २०२३ पर्यंत काहीच झाले नसते आणि तेव्हा दावा लावावा लागला असता, तर एप्रिल २०१९ ते सप्टेंबर २०२० चे १८ महिने, म्हणजे १,२६,००० रुपये हातचे जाण्याची शक्यता होती. नशीब चांगले म्हणून निभावले. नियोजन म्हणून हे कच्चेच.

काय केले

मार्च २०२२ मध्ये प्रस्ताव गेला. अर्ज एका पानाचा. पहिल्या ओळीत सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण. दुसऱ्या ओळीत ‘वीरचक्र’, राजपत्राचे वर्ष आणि अधिसूचना क्रमांक. तिसऱ्या ओळीत मागणी : निधनाच्या दुसऱ्या दिवसापासून पत्नीच्या नावे भत्ता. वारसा, बाग, विवाहनोंद यांचा उल्लेख नाही.

सोबत मूळ पीपीओ आणि नंतरच्या सर्व दुरुस्ती-पीपीओंच्या प्रती, मृत्यूदाखला, डिस्चार्ज बुकातील पदकांचे आणि विवाहाच्या पार्ट टू ऑर्डरचे पान, राजपत्राच्या पानाची प्रत, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या पासबुकाची पाने, आधार, पॅन आणि रद्द केलेला धनादेश. सर्व कागद दोन संचांत. एक संच सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासह, दुसरा स्पीड पोस्टाने थेट. पोचपावती जपून ठेवली. पुढे पहिला संच कुठल्या टेबलावर आहे हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा तीच कामी आली.

जूनमध्ये आक्षेप आला : आधारवर ‘परोब’, रेकॉर्डमध्ये ‘परब’. इथे पुन्हा दोन वाटा होत्या. नाव कायद्याने बदलायला गोव्यात १९९० चा वेगळा कायदा आहे, पण ते काम लांबते आणि इथे नाव बदलायचेच नव्हते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची एवढेच सांगायचे होते. त्यासाठी मामलेदार कार्यालयाचा डायव्हर्जन्स दाखला (नावांतल्या फरकाचा दाखला) आणि प्रतिज्ञापत्र पुरले. प्रतिज्ञापत्रात एकूण एक रूप लिहिले : परब, परोब, पोरोबो, माहेरचे नाव, सासरचे नाव, आणि प्रत्येकासमोर ते कोणत्या कागदावर आहे ते. एखादे रूप सोडले की पुढचा आक्षेप त्याच रूपावर येतो. आधार मात्र ‘परब’ करून घेतले, कारण पुढे सगळी ओळख त्यावरच जुळवली जाणार होती.

जुलैत कागद परत गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये रेकॉर्ड ऑफिसने प्रस्ताव प्रयागराजला पाठवला. आता सोपे वाटत होते, आणि नेमके तेव्हाच काकींचे पेन्शन बँकेतून संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेले. स्पर्शवर जुन्या पेन्शनरांचा डेटा बँकांकडून आला होता, आणि बँकेच्या डेटात पॅनवरचे अर्धे नाव होते. डेटा पडताळणी पुरी होईना. ती पुरी झाल्याशिवाय नव्या आदेशाची रक्कम खात्याला लागेना. वर, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला बँकेत दिला होता आणि तो स्पर्शवर चढला नव्हता. त्यामुळे एका महिन्याचे कुटुंब निवृत्तिवेतनही अडले. पॅन दुरुस्त केले, स्पर्श सेवा केंद्रात जाऊन पडताळणी केली, ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन सेवेवर बोटाच्या ठशाने हयातीचा दाखला दिला. काकींचे ठसे कामाने झिजलेले. तीनदा नाकारले गेले, चौथ्यांदा डोळ्याच्या बुबुळावर काम झाले.

काय हाती लागले

ऑक्टोबर २०२३ मध्ये एप्रिल २०१९ पासूनचे ५५ महिने एकदम जमा झाले : ३,८५,००० रुपये. पुढे दरमहा ७,००० चालू आहेत. विवाहाची दुसरी सही कुणीही मागितली नाही.

हयातीतल्या ७०,००० ची मागणी वेगळ्या अर्जाने चालवली. बाग आणि घरासाठी सक्सेशन डीड लागणारच होते. ते २०२४ मध्ये झाले, आणि तिन्ही मुलांच्या संमतीने ती रक्कम काकींच्या खात्यात आली.

एक बाजू कराचीही आहे. आयकर कायद्यानुसार परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र यांच्या मानकऱ्यांचे पेन्शन पूर्ण करमुक्त आहे. भत्ता, मूळ पेन्शन, पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन, सगळेच.

कुठे वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय हवालदारांच्या हयातीत होता. दरमहाचा पेन्शनचा तपशील बँकेकडून छापून घेतला असता, तर २०१७ ची वाढ मिळाली नसल्याचे लगेच दिसले असते. नामनिर्देशन केले असते, तर ७०,००० साठी वारसा लागला नसता. मूळ डिस्चार्ज बुक त्यांनी पदकांच्याच घडीत ठेवले होते आणि मुलांनी ते निधनानंतर अडीच वर्षांनी उघडले. त्यातच विवाहाची पार्ट टू ऑर्डर होती.

बँकेचा ‘वारसा सिद्ध करा’ हा शेरा लेखी मागून घेऊन त्यावर नियम कोणता असे विचारायला हवे होते. नियम नव्हताच. गोव्यातल्या कुटुंबांना हा शेरा स्वाभाविक वाटतो, कारण इथे सगळेच व्यवहार सक्सेशन डीडपाशी येतात, आणि म्हणून इतर ठिकाणच्या विधवेपेक्षा गोव्यातली विधवा या सापळ्यात लवकर अडकते.

फाईलवर एकदा ‘वीरनारी’ हा शब्द पडला होता. तो युद्धात कामी आलेल्या जवानांच्या पत्नींसाठी वापरतात. हवालदार ७५ व्या वर्षी घरीच वारले. त्या शब्दामुळे एका कार्यालयाने युद्धहानीचा अहवाल मागितला आणि तीन आठवडे वाया गेले. ‘वीरचक्र मानकऱ्याची पत्नी’ एवढे लिहिले की पुरे.

जन्मतारखेचे काम अजून राहिले आहे. कुटुंब निवृत्तिवेतनावर ८० व्या वर्षी २० टक्के वाढ मिळते, ८५ व्या वर्षी ती ३० टक्के होते. जन्मनोंदीप्रमाणे काकी २०२७ मध्ये ८० च्या होतील, आधारप्रमाणे २०३३ मध्ये. पणजीतून पोर्तुगीज जन्मनोंदीची प्रमाणित प्रत आणि तिचा अधिकृत अनुवाद काढला आहे. त्यावर माहेरचे नाव आहे, म्हणून डायव्हर्जन्सचा दाखला पुन्हा जोडावा लागेल. आधारवरची तारीख आधी, मग रेकॉर्ड ऑफिसमार्फत पीपीओतली आणि शेवटी स्पर्शवरची, असा क्रम ठरला आहे.